शहर पानावरची पाचवी ओळ

‘कुलरचा शॉक लागून मृत्यू.’ नागपूरच्या वर्तमानपत्रांत शहर पानावर हे शीर्षक एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत येतं आणि दर उन्हाळ्यात येतं. एक कॉलम, चार ओळी. पहिल्या ओळीत वस्ती, दुसरीत नाव आणि वय, तिसरीत कुलरमध्ये पाणी भरताना की फरशी पुसताना, आणि चौथीत पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केल्याचं. बातमी तिथे संपते आणि डोळा शेजारच्या कॉलमकडे वळतो. कुलरच्या पत्र्यात वीज आली कशी, हे सांगणारी पाचवी ओळ छापून येत नाही. त्या एका ओळीसाठीच ही बातमी वाचायला हवी, कारण तसाच कुलर आपल्याही खिडकीला लागलेला असतो.

नागपुरातला डेझर्ट कुलर म्हणजे पत्र्याची पेटी. तीन बाजूंना वूडवूलच्या किंवा खसच्या ताट्या, समोर पंखा, खाली पाण्याचं टाकं आणि त्या पाण्यात बुडालेला छोटा पंप. वीज पत्र्यात उतरते ती बहुतेक वेळा या पंपाच्या वाटेने. पंप आठ-नऊ महिने माळ्यावर पडून राहतो. वायरचं आवरण कडक होऊन तडकतं, वाइंडिंगवरचं इन्सुलेशन जातं. वायर अपुरी पडली म्हणून कुणीतरी जोड देऊन वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते आणि तो जोड टाक्यात लोंबतो. बोअरवेलचं क्षारांचं पाणी वीज चांगलं वाहून नेतं. पाणी पत्र्याला टेकलेलं असतं, आणि पत्र्याला हात लावणारं माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभं असतं.

अशा वेळी अर्थिंगने, म्हणजे पत्र्यात आलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वायरने वाचवायला हवं. पण पंपाला अनेकदा दोनच पिनांचा प्लग असतो. तीन पिनांचा असला तरी बोर्डामागे तिसऱ्या छिद्राला वायर जोडलेली असेलच असं नाही. जोडलेली असली तरी एक गोष्ट राहते, तिच्याकडे लक्ष जात नाही. अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठाक असतो. कोरडी माती वीज सहज वाहून नेत नाही. म्हणजे ज्या महिन्यात कुलर रात्रंदिवस चालतो, नेमक्या त्याच महिन्यात घराचं अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. म्हणून जुने वायरमन उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालायला सांगत. कोळसा आणि मीठ घालून केलेला खड्डा असेल तर आठवड्यातून एकदा पाणी घातलंच पाहिजे.

‘घरात एमसीबी होती, तरी कशी पडली नाही?’ हा प्रश्न अशा घरांत हमखास विचारला जातो. एमसीबी म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, आणि तो वायर वाचवण्यासाठी असतो. तो सहा, दहा, सोळा अँपिअरच्या हिशोबाने पडतो. माणसाच्या शरीरातून वाहणारा जीवघेणा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजतात, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात. एमसीबीला त्याची चाहूलही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरचा. तो गेलेली आणि परत आलेली वीज ताडून पाहतो आणि फरक दिसला की क्षणात पुरवठा तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचं. दाबूनही खटका पडला नाही तर तो आरसीसीबी शोभेचा समजावा आणि बदलावा.

पाणी भरताना फक्त बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरऐवजी, परतीच्या न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. तेव्हा पंखा थांबतो, पण वायरमध्ये वीज असतेच. प्लग उपसून बाजूला ठेवावा आणि मगच नळी टाक्यात सोडावी. कुणी चिकटलेलं दिसलं तर आधी मेन स्विच, मग माणूस. मेन लांब असेल तर कोरडी काठी किंवा प्लॅस्टिकची खुर्ची वापरून त्याला वेगळं करावं. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहावं आणि १०८ ला फोन करावा. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्यावं, कारण हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात. एकाच घरातल्या दोघांचा मृत्यू झाल्याची बातमी येते तेव्हा दुसरा माणूस पहिल्याला ओढायला गेलेला असतो. ती वाचताना फार वाईट वाटतं.

चौथ्या ओळीतल्या ‘आकस्मिक मृत्यूची नोंद’ या शब्दांचाही अर्थ ठाऊक असावा. विदर्भातले पोलीस याला मर्ग म्हणतात. हा गुन्हा दाखल होणं नव्हे. ही मृत्यूच्या कारणाची चौकशी असते, आधी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. तिच्यातून कुणाचा निष्काळजीपणा दिसला तरच पुढे गुन्हा नोंदवला जातो. ‘गुन्हा दाखल’, ‘मर्ग दाखल’ आणि ‘अदखलपात्र नोंद’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत यातला कोणता शब्द आहे त्यावरून प्रकरण कुठवर आलंय ते कळतं.

उन्हाळ्यात पहिल्या पानावर पारा असतो. ‘नागपूर ४५.२’ असं छापून येतं आणि लोक म्हणतात, आमच्या गाडीवर तर ४९ दिसलं. दोन्ही खरं असू शकतं. हवामान खात्याचा आकडा सोनेगावच्या विमानतळावरचा आहे. तिथे तापमापक पांढऱ्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत असतो. तो हवेचं तापमान मोजतो. डांबराचं, टिनाच्या छपराचं किंवा सीताबर्डीच्या सिग्नलवर थांबलेल्या माणसाच्या डोक्याचं तापमान तो मोजत नाही. म्हणून जगातल्या दुसऱ्या गावाशी तुलना करायला हा आकडा उपयोगी. दुपारी बाहेर पडायचं की नाही हे ठरवताना त्याच्यात आपल्या मनाने भर घालावी लागते.

३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि ती बातमी देशभर गेली. दुसऱ्या दिवशी हवामान खात्याने सांगितलं की संवेदक बिघडला होता. त्या दोन दिवसांतून एक कायमची सवय लावून घेण्यासारखी आहे. एका केंद्राचा आकडा शेजारच्या केंद्रांपेक्षा आठ-दहा अंशांनी वर दिसला, तर आधी यंत्रावर संशय घ्यावा. एका शहरात हवेत तेवढा फरक पडत नाही.

‘उष्णतेची लाट’ हा शब्दही मोजूनमापून वापरायचा आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० झालेलं असावं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार ते ६.४ अंशांनी जास्त असावं, तर लाट. त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. किंवा थेट ४५ ला लाट आणि ४७ ला तीव्र लाट. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला साडेचव्वेचाळीस असेल तर ती लाट ठरू शकते, आणि मेअखेरच्या नवतपात तेवढंच असेल तर ठरणार नाही, कारण तेव्हाची सरासरीच चढलेली असते. कंसात छापलेला ‘सरासरीपेक्षा अधिक’ हा बारीक आकडा मोठ्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो. आणि सगळ्यात दुर्लक्षित आकडा किमान तापमानाचा. रात्रीचा पारा ३०-३१ च्या खाली येत नाही तेव्हा शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. टिनाच्या खोलीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्या दिवसाच्या उन्हापेक्षा लागोपाठ तीन-चार गरम रात्री जास्त घातक ठरतात. शहर पानाने किमान तापमान मोठ्या अक्षरात छापावं, असं मनापासून वाटतं.

पावसाच्या बातमीत गोंधळ वेळेचा असतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा. संध्याकाळी साडेपाचपर्यंतचा आकडा वेगळा कळवला जातो. मंगळवारी रात्री कोसळलेला पाऊस म्हणून बुधवारच्या नावावर जमा होतो, आणि बुधवारच्या अंकात कधी फक्त दिवसाचा, कधी अर्धवट आकडा येतो. ‘नऊ इंच पडला, पेपरात दोनच लिहिला’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं. पातळ्याही ठरलेल्या आहेत: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. ढगफुटी म्हणायची तर वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलिमीटर पडायला हवेत.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेला सगळ्यांनी ढगफुटी म्हटलं. चार तासांत शंभरावर मिलिमीटर पाऊस झाला होता. व्याख्येने ती ढगफुटी नव्हती, तरी अंबाझरी तलाव ओसंडला, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात गेली, मोरभवनाच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. शब्दावरून वाद घालण्यापेक्षा हिशोब करून पाहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर मिलिमीटर म्हणजे एका चौरस किलोमीटरवर दहा कोटी लिटर. तलाव आधीच काठोकाठ भरलेला, पाणलोटातली जमीन ओली, त्यामुळे त्यातलं फारच थोडं मुरणार. उरलेलं सगळं सांडव्यावरून नाग नदीत उतरणार. सांडव्याचं तोंड किती रुंद आहे, पुढे नदीचं पात्र भिंतींनी किती आवळलंय आणि पुलाखालची मोकळी जागा किती, या तीन मापांवर त्या वस्त्यांचं भवितव्य ठरतं. त्यामुळे पावसाळ्याआधी मे महिन्यात येणारी ‘नाग नदीतून इतका गाळ काढला’ ही कंटाळवाणी वाटणारी बातमी खरं तर सप्टेंबरच्या पुराची बातमी आहे. तिच्यात टनांचा आकडा असतो. विचारावं ते हे: गाळ काठावरच ठेवला की उचलून नेला? काठावर ठेवलेला गाळ पहिल्या दमदार पावसात जिथून काढला तिथेच परत जातो.

पाण्याच्या बातम्यांत तर तीन भाषा एकत्र नांदतात. धरणाचं पाणी दलघमीत, राजकारण टीएमसीत, आणि शहराचा पुरवठा एमएलडीत. गुणाकार एकदा पाठ केला की झालं. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, आणि एक दलघमीत शंभर कोटी लिटर. एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर. तेव्हा एक दलघमीत हजार एमएलडीचा एक दिवस भागतो. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, सव्वाअठ्ठावीस दलघमीहून किंचित जास्त. मघाचाच पाऊस धरला तर दहा चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पडला की एक दलघमी होतो. हे जमलं की ‘तोतलाडोहात चाळीस टक्के साठा’ या वाक्यातून आपल्याला काहीतरी कळू लागतं. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, त्याखालचा मृत साठा वेगळा. नागपूरला पाणी देणाऱ्या, पेंच नदीवरच्या या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा हजार दलघमीच्या आसपास. पण तो एकट्या नागपूरचा नाही. त्यात सिंचन आहे, उद्योग आहेत, वीजकेंद्रं आहेत, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनही आहे. वर मध्य प्रदेशात पेंचवरच चौराई धरण झाल्यापासून येणारं पाणीही पूर्वीसारखं राहिलं नाही. म्हणून टक्केवारी मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडून पाहावी. एरवी ती आनंदाची की काळजीची हे ठरवता येत नाही. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, तेवढा धरणावरचा भार हलका होतो. सांडपाण्याच्या प्रकल्पाची बातमी म्हणूनच आपल्या नळाचीही बातमी असते.

‘उद्या बारा तासांचं शटडाऊन, या जलकुंभांना पाणी नाही’ ही बातमी आपण वस्तीचं नाव शोधण्यापुरती वाचतो. बारा तास म्हणजे दुरुस्तीचे बारा तास. मोठी जलवाहिनी रिकामी झालेली असते. ती भरायची, आतली हवा बाहेर काढायची, मग जलकुंभ भरायचा आणि तो पुरेसा भरल्याशिवाय वस्तीकडची झडप उघडायची नाही. शेपटाकडच्या घराला पाणी दुसऱ्या दिवशी मिळतं, त्यात नवल नाही. पिण्याचं पाणी दोन दिवसांचं साठवावं.

या बातमीला आठवड्याभरात अनेकदा एक जोडबातमी येते: ‘अमुक वस्तीत दूषित पाणी, लहान मुलांना जुलाब’. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर असतात, वेगवेगळ्या बातमीदारांच्या असतात, आणि त्यांचा संबंध कुणी जोडत नाही. वाहिनी भरलेली असते तेव्हा आतला दाब पाणी बाहेर ढकलतो. भेग असली तर पाणी गळतं, घाण आत येत नाही. वाहिनी रिकामी झाली की उलट होतं. शेजारून जाणाऱ्या गटाराचं पाणी त्याच भेगेतून आत शिरतं. त्यात कमी दाबाच्या वेळी घराघरांतून टुल्लू पंप सुरू होतात आणि वाहिनीत ओढ निर्माण करतात. टुल्लू शेजाऱ्याचं पाणी ओढतो हे सगळ्यांना माहीत आहे, तो गटाराचंही ओढतो हे लक्षात घ्यायला हवं. म्हणून शटडाऊननंतरचं पहिलं पाणी दहा-पंधरा मिनिटं झाडांना, संडासाला वापरावं. नंतर काचेच्या ग्लासात धरून रंग आणि वास पाहावा. नळाच्या टोकाला क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असायला हवं. थेंबांची साधी तपासणी किट मिळते, पाणी पिवळसर झालं की क्लोरिन आहे. रंग आलाच नाही तर पाणी उकळावं आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. त्या गल्लीतल्या पाच घरांनी एकाच दिवशी तक्रार केली तर गळती शोधणाऱ्या माणसाला नेमकी जागा सापडते. एकाच घराची तक्रार असेल तर ‘तुमची टाकी धुवा’ हे उत्तर येतं.

संत्र्याच्या बातमीवर फार वेळ घालवत नाही. कळमन्याच्या बाजाराचा भाव टनाचा असतो. टनाला वीस हजार म्हणजे किलोला वीस रुपये. छापून येणारा वरचा भाव मोठ्या, चकचकीत फळाचा, आणि शेतकऱ्याच्या बहुतेक मालाला तो मिळत नाही. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. ‘ऑगस्टमध्ये फळगळ’ अशी बातमी दिसली की ती आंबियाची आहे आणि दिवाळीत तिचं मोल चुकवावं लागणार आहे, हे समजावं.

नायलॉन मांजाच्या बातम्या जानेवारीत येतात, पण तो विकला जातो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. सुती मांजा ताण आला की तुटतो. नायलॉनचा तुटत नाही, आणि दुचाकीच्या वेगाने तो गळ्यात रुतत जातो. संक्रांतीच्या आठ दिवस आधीपासून पुढे महिनाभर गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळावा. हँडलला उलट्या यू आकाराची तार किंवा सळी लावून घ्यावी. उड्डाणपुलावर वेग कमी ठेवावा. झाडात अडकलेला मांजा फेब्रुवारी-मार्चपर्यंत पक्षी मारत राहतो. तो काढण्याची मोहीम संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायला हवी, कारण पानं दाट झाली की धागा दिसत नाही.

आणि मागच्या पानांवर, कुणी वाचत नाही अशी जाहीर सूचना. मौजा म्हणजे महसुली गाव, खसरा म्हणजे जमिनीचा सर्व्हे क्रमांक, प्लॉट क्रमांक, आराजी म्हणजे क्षेत्रफळ, चतुःसीमा, आणि ‘सात दिवसांत आक्षेप न आल्यास’. प्लॉट विकत घेणाऱ्याच्या वकिलाने दिलेली ती सूचना ज्याच्यासाठी असते, तोच ती वाचत नाही. नागपुरात ही वाचायची असेल तर वस्तीचं बोलीतलं नाव शोधू नये, ते तिथे बहुधा नसतं. आपल्या विक्रीपत्रावरचा मौजा आणि खसरा कागदावर लिहून ठेवावा आणि तो शोधावा. लेआउट जुन्या गृहनिर्माण संस्थेचं असेल तर एकाच प्लॉटचे दोन-दोन व्यवहार झाल्याच्या तक्रारी या शहराला नव्या नाहीत. आपला क्रमांक दिसला तर फोनवर बोलून थांबू नये. विक्रीपत्र, फेरफार आणि कर पावती यांच्या प्रती जोडून लेखी आक्षेप मुदतीत द्यावा आणि पोच घ्यावी.

कुलरच्या बातमीतली पाचवी ओळ मिळवता येते. विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतो. तो अर्थिंग तपासतो, पंप पाहतो, जोड पाहतो आणि कारण लिहितो. पण हा अहवाल येईपर्यंत पावसाळा लागलेला असतो, कुलर माळ्यावर गेलेले असतात आणि शहर पानावर खड्डे आलेले असतात. मीटरच्या पुढची वायरिंग घरमालकाची जबाबदारी, म्हणून बाहेरचं कुणी त्या अहवालाचा पाठपुरावाही करत नाही. शहर पान सांभाळणाऱ्यांनी जूनमध्येच त्या वर्षीच्या सगळ्या चार ओळींच्या बातम्या एका फाइलमध्ये ठेवाव्यात, हिवाळ्यात निरीक्षकाच्या कार्यालयातून प्रत्येकीचं कारण मागवावं, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती यादी छापावी: वस्ती, महिना, पंप की वायर, अर्थिंग होतं की नव्हतं, आरसीसीबी होता की नव्हता. त्याच आठवड्यात नागपूरचे कुलर माळ्यावरून खाली उतरतात, ताट्या बदलायला निघतात आणि पंप हातात घेऊन पाहिला जातो.